आयर्न नीट लागत नाही? आधी ग्लोव्ह बघा

गोल्फमध्ये ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा मोठा क्लब, थोडा वाकडातिकडा लागला तरी माणूस खपवून घेतो. बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, बसलेला असतो, जरा इकडेतिकडे झालं तरी कुठेतरी पुढे जातोच. आयर्न, म्हणजे पातळ धातूच्या पात्याचा क्लब, असे लाड करत नाही. बॉल गवतावर, त्याचा व्यास 42.67 मिलिमीटर, आणि क्लबफेसशी, म्हणजे क्लबच्या मारायच्या बाजूशी, त्याची गाठ पडते ती सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरती. क्लब बॉलच्या दोन बोटं आधी जमिनीत घुसला की दीडशे यार्डांचा फटका नव्वदवर येऊन बसतो, आणि बॉलपेक्षा मातीचं ढेकूळच जास्त दिमाखात उडतं.

तीन वर्षं मी हे दुखणं अंगावर काढलं. व्हिडिओ पाहिले, बॉल मागेपुढे केला, कंबर वळवायला शिकलो, आयर्नचा अख्खा सेट बदलला. शेवटी एका रविवारी चौथ्या होलवर बॅग वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या कॅडीने विचारलं, ‘साहेब, ग्लोव्ह दाखवा जरा.’ त्याने तो उलटा धरला, करंगळीच्या खाली, मनगटाच्या वर जे भोक पडलं होतं त्यातून स्वतःचं बोट बाहेर काढलं आणि म्हणाला, ‘दांडा इथं धरताय. मग तो हातात फिरणार नाही तर काय?’

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी हात उलटे करून वाचावं, त्यांना ती सवय असतेच.)

पहिली चूक: दांडा तळहातात धरणं

काठी, कोयता, छत्री, सगळं आपण तळहातात घट्ट धरतो. त्यामुळे गोल्फ क्लबही तसाच धरला जातो. पण दांडा तळहातात गेला की डावं मनगट अडकतं. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, तो मनगटातून वर येत नाही, म्हणून आपण नुसते हात उचलतो. वर गेल्यावर पकड सैल पडते, खाली येताना आपण ती पुन्हा आवळतो. या झटापटीत क्लबफेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत, राहतो. शरीराला ते जाणवतं, आणि शेवटच्या क्षणी मनगटं पुढे फेकून ते फेस सरळ करायला बघतं. मनगट फेकलं की क्लबचं डोकं हातांच्या पुढे पळतं आणि बॉलच्या आधीच जमिनीला टेकतं. म्हणजे फॅट. पुढच्या फटक्याला आपण घाबरून अंग वर खेचतो, आणि बॉलच्या पोटावर पात्याची कड बसते. म्हणजे थिन. दोन्ही आजार एकाच घरचे.

दांडा बोटांत हवा. डाव्या तर्जनीच्या मधल्या पेराजवळून तिरका निघून करंगळीच्या मुळाशी पोचायला हवा, आणि तळहाताची मांसल गादी दांड्याच्या वर बसायला हवी. करून बघा: फक्त वाकवलेली तर्जनी आणि ती गादी, एवढ्यावरच क्लब हवेत तोलून धरा, बाकीची बोटं सोडून द्या. तोलला गेला तर पकड बरोबर. निसटला तर दांडा अजून तळहातातच आहे.

मग खाली पाहिलं की डाव्या मुठीच्या दोन ते अडीच गाठी दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर पकड कमजोर, स्लाइसला, म्हणजे बॉल उजवीकडे वळण्याला, निमंत्रण. चारही दिसत असतील तर हूकला, म्हणजे डावीकडे वळण्याला. जुन्या पिढीतला अमेरिकन खेळाडू बेन होगन, त्याला हूकने छळलं तेव्हा त्याने डावा हात कमजोर बाजूला वळवला, ही गोष्ट गोल्फर मंडळी कौतुकाने सांगतात. पण आपल्यातल्या बहुतेकांचा रोग स्लाइसचा आहे. होगनचं औषध आपण घेतलं तर रोग वाढेल.

उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची की तिच्यात अडकवायची, यावर क्लब हाउसमध्ये तासन् तास वाद चालतात. जुन्या जमान्यातल्या हॅरी व्हार्डन या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते ती वर ठेवायची पद्धत. जॅक निकलस आणि टायगर वूड्स अडकवतात. हाताला जे सुखाचं वाटेल ते करा आणि पुढे चला.

क्रिकेटचा खालचा हात

आपण टेनिस बॉलवर वाढलेली माणसं. लाँग ऑनवरून उचलायचा म्हणजे उजवा हात बॅटखाली सरकवायचा, मागे झुकायचं, आणि खालून दणका. बॅटची पाटी सरळ असते, त्यामुळे बॉल वर न्यायचा तर हे सगळं करावंच लागतं. सात नंबरच्या आयर्नला मात्र तीसेक अंशांचा उतार कारखान्यातच दिलेला असतो. बॉल उचलायचं काम तो करतो, तुम्ही नाही.

हे पटायला मला फार वेळ लागला. बॉल वर जायचा असेल तर क्लब खाली आणायचा, हे मेंदूला मान्यच होत नाही. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले पुरुष खेळाडू सात नंबरचं आयर्न साधारण चार अंश खालच्या दिशेने आणतात, दांडा बॉलपेक्षा पुढे झुकलेला असतो, आणि तरी बॉल सुमारे सोळा अंशांनी वर निघतो. त्यांचा डिव्हट, म्हणजे क्लबने उडवलेल्या मातीचा खड्डा, बॉलच्या जागेपुढे सुरू होतो, मागे नाही. आपला कुठे सुरू होतो, हे एकदा वाकून बघा.

उजवा हात दांड्याच्या खाली सरकला असेल तर तो पुन्हा उचलायलाच जाणार. अंगठा आणि तर्जनीमधली ‘व्ही’ ही खूण समजा. तिचं टोक उजव्या खांद्याच्या बाहेर जात असेल तर हात वर आणा, ते हनुवटी आणि उजव्या खांद्याच्या मधे यायला हवं. उजव्या हाताची पकड मधल्या दोन बोटांत असावी, तळहाताची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसावी. जोर डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत. उजवा अंगठा दांड्यावर दाबून ठेवायची सवय क्रिकेटवाल्यांना हमखास असते. ती सोडा.

आणखी एक बारीक चूक: क्लब बॉलमागे टेकवायचा, मग पकड घ्यायची, मग फेस वाकडा दिसला म्हणून नुसता दांडा फिरवायचा. पकड तिथेच बिघडली. आधी क्लब पोटासमोर हवेत धरा, फेसची कड सरळ उभी आहे ना ते बघा, पकड घ्या, आणि मग खाली टेकवा.

चटईचं खोटं

मुंबई-पुण्याकडे सराव म्हटला की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बहुधा रबरी चटई. क्लब बॉलच्या तीन बोटं मागे आपटला तरी चटईवरून घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका गवतावर मातीत रुततो. म्हणून ‘रेंजवर छान लागतं, कोर्सवर काय होतं कळत नाही’ ही तक्रार. कळतं की. रेंजवरही तसंच लागत होतं.

उपाय बिनखर्चाचा आहे. टॉवेलची घडी बॉलच्या मागे वीतभर अंतरावर ठेवा आणि टॉवेलला न लागता बॉल मारा. जमलं की घडी पुढे सरकवत चार बोटांवर आणा. गवत मिळालं तर चुन्याची नाहीतर खडूची रेघ ओढा आणि बॉल न ठेवता नुसता स्विंग करा. उडालेली माती रेघेच्या पुढे हवी. वीस स्विंगमधले बारा बरोबर आले तरी मी त्या दिवशी खुशीत घरी येतो.

बॉल फेसवर कुठे लागतोय हे बघायचं तर बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करचा ठसठशीत ठिपका काढा. फेसवर त्याचा ठसा उमटतो. ठसा फेसच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, येत राहिला तर बॉलच्या फार जवळ उभे आहात, किंवा खाली येताना वजन पायाच्या बोटांवर जातंय. पुढची पायरी शँक आहे, म्हणजे बॉल दांड्याच्या जोडावर लागून भलतीकडे जाणं, वेळीच मागे व्हा.

बॉल कुठे ठेवायचा? सात नंबरला पावलांच्या मधोमध किंवा किंचित पुढे, वेजला, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या जास्त उताराच्या क्लबला, मधोमध. ड्रायव्हरसारखा डाव्या टाचेसमोर ठेवून आयर्न मारणारे दर शनिवारी भेटतात.

घाम आणि पाऊस

ग्रिपच्या चर्चेत हवेला कोणी विचारत नाही. मे महिन्यातली मुंबईची सकाळ म्हणजे तिसऱ्या होलपर्यंत ग्लोव्ह ओला. ओला ग्लोव्ह घसरतो, म्हणून आपण आवळतो, कोपरापर्यंत हात ताठ होतो आणि पहिलीच चूक नव्या वाटेने परत येते. दोन ग्लोव्ह बाळगा, एक हातात, एक बॅगेवर वाळत. हात कोरडे ठेवायला पावडर किंवा राळ वापरायला नियमांची आडकाठी नाही. पावसाळ्यात टॉवेल छत्रीच्या काड्यांना आतून लटकवा. बॅगेवर ठेवलात तर त्याचं पोतेरं होतं.

दांड्यावरची रबरी ग्रिप गुळगुळीत होऊन चमकायला लागली असेल तर पकड कितीही सुधारा, हात आवळला जाणारच. महिन्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. नियमित खेळत असाल तर वर्षातून एकदा ग्रिप बदला. बदलताना जाडीही बघा: डाव्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकावीत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, मधे फट राहत असेल तर जाड.

नवी पकड पहिले दोनेक आठवडे परक्याच्या चपलेसारखी वाटते. बॉल डावीकडे जातो, माणूस वैतागून जुन्यावर परततो. मीही दोनदा परतलो. तिसऱ्यांदा घरात टीव्हीसमोर नुसता क्लब धरून बसायचो, रोज दहा मिनिटं, स्विंग नाही, बॉल नाही. बायकोने विचारलं, ‘चोर येणार आहे का?’

माझ्या आताच्या ग्लोव्हला चार महिने झाले. तळहाताच्या टाचेजवळ भोक नाही. शेवटच्या तीन बोटांवर चामडं काळवंडलंय. कॅडीला दाखवला तर त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, ‘साहेब, आता पटिंगचं बघा.’