क्रूड तेलातील अस्फाल्टीन प्रयोगशाळेत कसे मोजावे

क्रूड तेलाचा जो भाग नॉर्मल हेप्टेन या द्रावकात विरघळत नाही, पण गरम टोल्युईन या दुसऱ्या द्रावकात विरघळतो, त्याला अस्फाल्टीन म्हणतात. हेप्टेनऐवजी पेंटेन वापरल्यास त्याच तेलातून अधिक गाळ खाली बसतो, म्हणून द्रावक, त्याचे प्रमाण आणि वेळ यांची नोंद नसलेला आकडा निरुपयोगी ठरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील महाविद्यालयांना क्रूडचा नमुना मिळणे कठीण असल्यास रस्त्याच्या कामावरील डांबर (बिट्युमेन) घ्यावे, कारण पुढे दिलेली आयपी १४३ ही अस्फाल्टीन मोजण्याची प्रमाणित पद्धत डांबरालाही लागू पडते.

क्रूड असेल तर त्यातील हलके घटक आधी २६० अंश सेल्सिअसपर्यंत ऊर्ध्वपातनाने काढून टाकावेत. अस्फाल्टीन २ ते ५ टक्के अपेक्षित असल्यास सुमारे ४ ग्रॅम नमुना फ्लास्कमध्ये तोलून घ्यावा, ग्रॅमला ३० मिलिलिटर या हिशेबाने हेप्टेन घालावे आणि वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडणारा कंडेन्सर लावून तासभर उकळावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे हेप्टेन ९८.४ ऐवजी साधारण तीन अंश आधीच उकळते. म्हणून थर्मामीटरकडे न पाहता कंडेन्सरमधून थेंब परतू लागल्यापासून वेळ मोजावी. हेप्टेन व टोल्युईन दोन्ही अत्यंत ज्वालाग्राही आहेत, त्यामुळे सर्व काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), उघड्या ज्योतीविना करावे.

फ्लास्क थंड झाल्यावर तो दीड ते अडीच तास अंधारात ठेवावा, मग न ढवळता वरचा द्रव आणि शेवटी गाळ वॉटमन ४२ या गाळणकागदातून गाळावा.

यापुढची धुलाई हा या चाचणीचा खरा कस आहे. गाळाबरोबर मेणही कागदावर अडकते आणि ते राहून गेले तर आकडा फुगतो. बॉम्बे हायसारख्या मेणयुक्त, कमी अस्फाल्टीनच्या तेलात हा धोका सर्वाधिक असतो. घडी घातलेला कागद एक्स्ट्रॅक्टरमध्ये (खालच्या फ्लास्कमधील द्रावकाची वाफ थंड होऊन कागदावर ठिबकत राहते अशा उपकरणात) ठेवून गरम हेप्टेनने किमान एक तास धुवावा. नंतर कागदाच्या टोकाशी जमलेला थेंब काचपट्टीवर घेऊन वाळू द्यावा: पट्टीवर पुसट डागही दिसला तर धुलाई चालू ठेवावी. मेण निघून गेलेले अस्फाल्टीन काळे, चकचकीत व ठिसूळ असते. मेण उरले असल्यास ते निस्तेज आणि चिकट दिसते.

आता एक्स्ट्रॅक्टरखालचा फ्लास्क बदलून गरम टोल्युईनने कागदावरील सारे अस्फाल्टीन विरघळवावे, द्रावण आधी तोललेल्या बशीत आटवावे, १०० ते ११० अंशांवर अर्धा तास वाळवावे आणि डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोलावे. जून ते सप्टेंबरच्या आपल्याकडील दमट हवेत डेसिकेटरमधील सिलिका जेल हा ओलावा शोषणारा पदार्थ लवकर ओलावतो, म्हणून निळे दाणे गुलाबी होऊ लागताच ते ओव्हनमध्ये सुकवून घ्यावेत. अवशेषाच्या वजनाला नमुन्याच्या वजनाने भागून १०० ने गुणले की टक्केवारी मिळते. क्रूडच्या बाबतीत ती हलके घटक काढलेल्या तेलाची असल्याचे अहवालात स्पष्ट लिहावे.