स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळासाठी कामगार प्रतिनिधी तयार करताना

अमेरिकेतील ‘वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट’ या २०१४ च्या कायद्यानुसार प्रशिक्षण व रोजगारासाठीच्या सार्वजनिक निधीवर देखरेख करणाऱ्या प्रत्येक स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळावर उद्योजकांचे बहुमत असावे लागते आणि कामगारांच्या बाजूला किमान २० टक्के जागा मिळतात. पंचवीस जणांच्या मंडळात उद्योजक किमान तेरा आणि कामगारांच्या बाजूचे किमान पाच. त्यांतही कामगार संघटनांचे दोन आणि शिकाऊ उमेदवारी योजनेचा एक सोडल्यास उरलेल्या जागांवर सामाजिक संस्थांचे लोक येऊ शकतात. महाराष्ट्रातील माथाडी मंडळांवर मालक व कामगार समसमान संख्येने बसतात. ती सवय असलेल्याची इथे पहिल्याच बैठकीत निराशा होईल. अध्यक्षही उद्योजकांतूनच निवडला जातो. त्यामुळे मतांच्या बळावर फारसे काही साधत नाही; आधी कागद वाचून वेळेवर विचारलेला प्रश्न मात्र ठरावाचा मसुदा बदलू शकतो, आणि तयारी त्यासाठीच करून घ्यायची असते.

नाव स्थानिक कामगार महासंघाने सुचवायचे असते, नेमणूक महापौर किंवा काउंटीच्या प्रमुखासारखा लोकनियुक्त पदाधिकारी करतो. आपल्या संघटनेच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार असलेलीच व्यक्ती कायद्याला अपेक्षित आहे, म्हणून निवृत्त होणाऱ्या नेत्याचा मान राखण्यासाठी ही जागा देऊ नये. बैठका जनतेसाठी खुल्या असतात. नियोजित प्रतिनिधीला नेमणुकीपूर्वीच दोन बैठकांना मागच्या रांगेत बसवावे आणि नंतर इतिवृत्त हाती देऊन कोणता विषय चर्चेविना मंजूर झाला ते शोधायला सांगावे. चार वर्षांची स्थानिक योजना आणि १ जुलैपासून सुरू होणाऱ्या वर्षाचा अर्थसंकल्प त्याने याच काळात वाचून काढावा.

सर्वाधिक वेळ द्यावा तो प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाच्या करारांना; यांत मालक नव्या माणसाला कामावर ठेवून शिकवतो आणि त्याच्या वेतनाचा काही भाग मंडळाच्या निधीतून परत मिळतो. समजा, एक कारखानदार ताशी १८ डॉलरवर माणूस घेतो आणि निम्म्या वेतनाची भरपाई मागतो. तेरा आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ५२० तासांचे ९,३६० डॉलर आणि त्यांतले ४,६८० सार्वजनिक निधीतून. येथे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. याच कामावरून कमी केलेले कामगार अजून परत बोलावले जाण्याची वाट पाहत आहेत काय? मागच्या करारांतील प्रशिक्षणार्थी पुढे कामावर टिकले काय? त्या कारखान्यात सामूहिक करार असून हे प्रशिक्षण त्याच्याशी विसंगत असेल, तर संघटनेची लेखी संमती घेतली आहे काय? हे संरक्षण कायद्यातच आहे, परंतु बैठकीत विषय पुकारल्यावर पाने चाळत बसणाऱ्याला ते सापडत नाही.

हितसंबंधांचा नियम स्वतःलाही लागू होतो. आपल्याच संघटनेच्या प्रशिक्षण केंद्राला निधी देण्याचा विषय आल्यास प्रतिनिधीने आपला संबंध जाहीर करावा, मतदानापासून दूर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात आली आहे याची खात्री करून घ्यावी.

मोठ्या कामगारकपातीची ६० दिवस आधी द्यावयाची नोटीस आल्यावर मंडळाकडील यंत्रणेने काय केले, याचा अहवाल मागत राहावे.

शेवटी आकडे वाचण्याचा सराव. प्रशिक्षणाचा कार्यक्रम सोडल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत किती जणांना रोजगार होता, हा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवला जातो. त्याच तिमाहीतील मध्यक कमाई, म्हणजे निम्म्या लोकांना जिच्याहून कमी मिळाले ती रक्कम, विचारावी. ती ७,८०० डॉलर असेल, तर पूर्णवेळ काम धरून तिमाहीच्या तेरा आठवड्यांच्या ५२० तासांनी भागले तरी ताशी १५ डॉलरच हाती येतात. आपल्या संघटनेच्या करारातील त्याच कामाच्या वेतनदरांचा तक्ता प्रतिनिधीच्या फाइलमध्ये असला, म्हणजे हा आकडा कशाशी ताडून पाहायचा ते तिथल्या तिथे सांगता येते.