नवी गाडी बुक करताना व्हेरिएंट आणि ॲक्सेसरीज कशा निवडाव्यात

आपल्याकडे बहुतेक कंपन्या गाडीतील सोयी सुट्या विकत नाहीत. त्या व्हेरिएंटनुसार एकत्रच घ्याव्या लागतात. मागचा वायपर हवा असेल तर त्यासोबत मोठा टचस्क्रीन आणि अलॉय व्हील्सही येतात, आणि सहा एअरबॅगा हव्या असतील तर काही वेळा सनरूफचेही पैसे मोजावे लागतात. म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरीच दोन याद्या कराव्यात: पहिलीत नंतर कधीच बसवता न येणाऱ्या गोष्टी आणि दुसरीत बाहेरून केव्हाही बसवता येणाऱ्या गोष्टी. व्हेरिएंट ठरवावा तो पहिल्या यादीवरून.

या यादीत सर्वांत वर सुरक्षितता हवी. पुढच्या दोन एअरबॅगा, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि मागचे पार्किंग सेन्सर आता कायद्यानेच प्रत्येक नव्या गाडीत असतात, त्यामुळे विक्रेत्याने ते वैशिष्ट्य म्हणून सांगितले तरी त्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. पाहायचे ते त्यापुढचे: बाजूच्या आणि कर्टन (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) एअरबॅगा, गाडी घसरू लागल्यास तिला सावरणारा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, मागे मधल्या प्रवाशालाही तीन बिंदूंचा पट्टा आणि हेडरेस्ट. गाडीच्या सांगाड्याशी आणि संगणकाशी जोडलेल्या या गोष्टी कोणत्याही गॅरेजमध्ये नंतर बसवून मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या धडक-चाचणीत, गाडीची चाचणी झाली असेल, तर मिळालेले तारे आपल्या व्हेरिएंटला लागू आहेत ना, हे अहवालातच पाहून घ्यावे.

मागचा वायपर आणि डीफॉगर (मागच्या काचेवरचे धुके घालवणाऱ्या तारा) यांना मी सनरूफपेक्षा कितीतरी वरचे स्थान देईन. हॅचबॅक किंवा एसयूव्ही धावत असताना तिच्या सपाट पाठीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेले गढूळ पाणी त्याच्याबरोबर वर खेचले जाऊन मागच्या काचेवर बसते. जुलैमध्ये ताम्हिणी किंवा आंबोली घाटात थोड्याच वेळात ती काच मातकट होते आणि आतला आरसा निरुपयोगी ठरतो. खालच्या व्हेरिएंटमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी अनेकदा गाळलेल्या असतात, आणि बाहेरून बसवायच्या म्हटल्या तर दरवाजाला छिद्र पाडणे आणि वायरिंग कापणे आले.

सनरूफची हौस असेल तर ती जरूर करावी, पण त्याची देखभाल समजून घेऊन. त्याच्या चौकटीत शिरलेले पाणी बारीक नळ्यांतून, छताच्या खांबांमधून खाली सोडलेले असते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पानांचा चुरा आणि धूळ त्या नळ्यांत अडकते आणि पावसाळ्यात पाणी छताच्या आतल्या कापडावर उतरते. मोठ्या पॅनोरॅमिक सनरूफमुळे मागच्या आसनावर डोक्यावरची जागाही कमी होऊ शकते, म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाला तिथे बसवून पाहावे.

टॉप व्हेरिएंटची मोठी चाके शोरूममध्ये देखणी दिसतात. मात्र त्यांच्या टायरची बाजूची भिंत कमी उंचीची असते. खड्ड्याचा धक्का आत अधिक जाणवतो, रिम वाकण्याची शक्यता वाढते आणि टायर बदलताना खर्चही जास्त येतो. टेस्ट ड्राइव्ह आपण घेणार त्याच आकाराच्या चाकांची गाडी मागून, रोजच्या खराब रस्त्यावर घ्यावी.

अडासचा, म्हणजे कॅमेरा-रडारच्या साहाय्याने चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, उपयोग कोणाला होईल हे प्रवासावर अवलंबून आहे. समृद्धी किंवा पुणे द्रुतगती मार्गावरून नेहमी जाणाऱ्याला आपोआप लागणारे ब्रेक खरोखर मोलाचे आहेत, पण पट्टेच न आखलेल्या रस्त्यावर लेन सांभाळणारी यंत्रणा काही करू शकत नाही. शिवाय कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो, त्यामुळे काच बदलली की कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेरा पुन्हा अचूक जुळवून घेण्याचा, खर्च येतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात हवेशीर आसने आणि मागचे एसी व्हेंट यांवर केलेला खर्च मला अधिक सार्थकी लागलेला वाटतो.

एका व्हेरिएंटवरून दुसऱ्यावर उडी मारण्यापूर्वी दहा लाखांची रेघ तपासावी. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के वाहन कर लागतो, आणि तोही संपूर्ण किमतीवर. ९,९०,००० रुपयांच्या गाडीचा कर १,०८,९०० होतो, तर १०,४०,००० च्या गाडीचा १,२४,८००. म्हणजे पन्नास हजारांचा फरक प्रत्यक्षात ६५,९०० चा होतो. शिवाय गाडी दहा लाखांवरची असेल तर पूर्ण किमतीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण डिलिव्हरीच्या वेळी भरावाच लागतो.

ॲक्सेसरीजचे पॅकेज ही दुसऱ्या यादीची बाब आहे. मॅट, मडफ्लॅप, स्पीकर हे सावकाश घेता येतात, मात्र वायर कापून काही जोडले तर वॉरंटीचा दावा अडू शकतो, म्हणून वायर न कापता बसणाऱ्या तयार प्लगने, म्हणजे कपलरनेच, जोडणी करून घ्यावी. सीट कव्हर घेताना विशेष काळजी हवी: एअरबॅग आसनाच्या कडेत बसवलेली असेल तर सरसकट शिवलेले कव्हर तिला उघडू देत नाही, त्या जागी उसवणारी शिवण किंवा मोकळी बाजू असलेलेच कव्हर घ्यावे. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड बेकायदा आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा, त्यामुळे गडद फिल्मही नको. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नसते. झिरो डेप्रिसिएशनसह (दाव्यात सुट्या भागांची घट न कापणारे संरक्षण) दोन-तीन ठिकाणची कोटेशन मागवावीत, आणि पाणी तुंबणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन संरक्षणही जोडावे.

बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी व्हेरिएंटचे पूर्ण नाव, रंग आणि ऑन-रोड किमतीची बाबवार फोड लेखी घ्यावी. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम त्यात असेल तर ती काढायला सांगावी, आणि मोफत म्हणून कबूल केलेली प्रत्येक वस्तू त्याच कागदावर विक्रेत्याच्या सहीने नोंदवून घ्यावी.