जुन्या फियाटला इलेक्ट्रिक पंखा लावताना
बडोद्यात मे महिन्यात मांडवीच्या कोंडीत पद्मिनी (जुनी फियाट) तापते, कारण इंजिन मंद चाललं की पट्ट्यावरचा पंखाही मंदावतो. इलेक्ट्रिक पंखा रेडिएटरच्या मागे, काउलसह (पंख्याभोवतीच्या आवरणासह) बसवा; रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवू नका, थरथरीने नळ्या घासून गळती लागते. बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, तिथून ४० अँपिअरच्या रिलेचं (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) ३० नंबरचं टोक, ८७ वरून पंखा. वायर ४ चौरस मिलिमीटर. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) ८२ अंशांचा असेल तर रिले चालवणारा तापमानाचा स्विच ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा घ्या. त्याहून कमी घेतला तर पंखा थांबतच नाही आणि डायनॅमोची (अल्टरनेटरऐवजी जुना जनरेटर असलेली) गाडी असेल तर बॅटरी उतरते. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरून बघा: जाळीकडे ओढला गेलाच पाहिजे.