चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही तेव्हा

आयटीआय करून भोसरी-चिंचवडच्या गॅरेजात लागलात, की सुरुवातीचे महिने फिल्टर बदलण्यात आणि हवा काढण्यात जातात. मग एखादं जुनं धूड येतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "चावी काढली तरी चालूच राहते हो."

डिझेलला ठिणगी लागत नाही, हे शिकलेलं असतंच. पण त्याचा अर्थ ऐन वेळी आठवत नाही. चावी फक्त पंपाचं डिझेल तोडते. इंजिन स्वतःचंच ऑइल पीत असेल, तर चावी खिशात घालून बसा, त्याला फरक पडत नाही. म्हणून 'बंद न होणं' आणि 'सुटणं' ही दोन दुखणी वेगळी धरा. पहिल्यात आयडलिंग चालू राहतं, दुसऱ्यात रेस आपोआप चढत जाते.

पहिल्यात मी फार घाम गाळला. जुन्या व्हीई रोटरी डिझेल पंपावर एका तारेचा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा डिझेलचा व्हॉल्व्ह, असतो. करंट मिळाला की आतली पिन उचलली जाते, करंट गेला की स्प्रिंग तिला खाली बसवून डिझेल तोडते. तार लावली की 'टक्' वाजतं. आमचे उस्ताद म्हणायचे, टक् वाजलं म्हणजे माल चांगला. हे अर्धंच खरं. टक् म्हणजे कॉइल जिवंत आहे, एवढंच. पिनच्या टोकाचं रबर झिजलं किंवा खाली कचरा अडकला, तर टक् वाजूनही डिझेल झिरपतं आणि इंजिन धापा टाकत चालतं. म्हणून चालू इंजिनावर तार काढून बघा. बंद पडलं, तर दोष वायरिंगचा: चावी काढल्यावरही कुठून तरी करंट येतोय, टेस्ट लॅम्प लावून माग काढा. तरीही चालूच राहिलं, तर भोवतीची घाण धुऊन मगच सोलेनॉइड खोला. कधी आत पिनच नसते! कॉइल जळाल्यावर रस्त्यात कुणी तरी पिन-स्प्रिंग काढून नुसती बॉडी परत पिळलेली असते. गाडी घरी पोचते, पण पुढे रोज गिअरमध्ये दाबून बंद करावी लागते. मला या जुगाडाचं अजिबात कौतुक नाही.

इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला) असेल तर स्टॉप केबल ओढून लिव्हर शेवटपर्यंत जातो का, ते आधी पाहा. बरेचदा केबल ताणलेली निघते, काम तिथंच संपतं. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गव्हर्नरची, म्हणजे रेस सांभाळणाऱ्या भागाची, गोष्ट मात्र वेगळी. त्याचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) फाटला किंवा पाइप निसटला, की स्प्रिंग रॅकला, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांडीला, फुल डिझेलकडे ढकलते. इंजिन बंद ठेवून लिव्हर स्टॉपवर दाबा, पाइपच्या तोंडावर बोट ठेवा, लिव्हर सोडा. रॅक जरासा मागे येऊन थांबला तर डायफ्रॅम धड आहे, सरकतच राहिला तर गेला.

खरंच सुटलं तर हवा तोडा. इनटेकच्या तोंडावर जाड फळी दाबा. हात नको, फडकंही नको, ते आत ओढलं जातं. नोझलचे पाइप सैल करायला धावू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. गाडीत माणूस बसलेला असेल आणि पुढे कुणी नसेल, तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून दाबता येतं. रेस फार चढली असेल तर लांब पळा, इंजिन गेलं तर गेलं.

एवढं घाबरायचंही कारण नाही, आधी खुणा दिसतात. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं आणि त्याला डिझेलचा वास: फीड पंपाचा डायफ्रॅम बघा. इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचं तळं: टर्बोचे सील. ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभक धूर: पिस्टनच्या रिंगा. ऑइल-बाथ फिल्टर (तळाशी ऑइल असलेला हवेचा फिल्टर) खुणेच्या वर भरलेला असेल, तर तेही इंजिनच पितं. यातलं काही दिसलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, मालक कितीही घाई करो.

आणि सोलेनॉइड घ्यायला पुण्यात नाना पेठेत गेलात तर जुना सोबत न्या. १२ आणि २४ व्होल्टचे दिसायला सारखेच असतात, बॉडीवरचा आकडा वाचूनच पैसे द्या.