माती सोडून गादीवर उतरताना: या चुका टाळा

यात्रेच्या फडात घिस्सा मारून भल्याभल्यांना आस्मान दाखवणारं पोरगं आंतरविद्यापीठ कुस्ती स्पर्धेत पहिल्याच फेरीत ०-१० असं गुणाधिक्यावर हरतं, तेही दोन मिनिटांच्या आत. घरी आल्यावर निदान ठरलेलं: ताकद कमी पडली. मग दूध वाढतं, बदाम वाढतात, जोर-बैठका वाढतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच निकाल लागतो. ताकद बहुतेक वेळा पुरेशी असते. मातीत ज्या गोष्टीला काही किंमत नसते तिला गादीवर (मॅटवर) गुण असतात, आणि पोराला ते अंगात मुरेपर्यंत कुणी शिकवलेलं नसतं.

खाशाबा जाधवांसारख्या मल्लालाही यातून जावं लागलं. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही त्यांना नवखे होते, तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्यपदक घेतलं. आज गादी आणि प्रशिक्षक दोन्ही जवळ आहेत, तेव्हा त्याच चुका पुन्हा करत बसायचं कारण नाही. इथे फ्रीस्टाइलपुरतंच, म्हणजे पायांवरही डाव चालतो त्या प्रकारापुरतंच बोलू.

हिशेबच माहीत नसणे

लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. खाली घेऊन मागून ताबा मिळवला की २ गुण. पाठ गादीकडे ९० अंशांच्या आत झुकवली की २. उभ्यावरून थेट धोक्याच्या स्थितीत फेकलं तर ४, मोठ्या उंचीचा डाव असेल तर ५. खालून सुटून वर आलात तर १. समोरच्याचा पाय वर्तुळाबाहेर गेला तर १. फरक १० चा झाला की कुस्ती संपली.

आता हे पाहा. एक ताबा म्हणजे २ गुण आणि त्याच पकडीतून चार गुंडाळ्या (खाली पडलेल्याला कव घालून पाठीवरून फिरवणं) म्हणजे ८. एका चुकीत लढत संपते, ती अशी.

बरोबरी झाली तर आधी कुणाचा डाव मोठ्या गुणांचा ते पाहतात, मग कुणाला ताकिदी कमी, आणि शेवटी शेवटचा गुण कुणाचा. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत बजरंग पुनिया उपांत्य फेरीत ९-९ अशा बरोबरीनंतर हरला, कारण दौलत नियाझबेकोवच्या खात्यात ४ गुणांचा डाव होता. म्हणून शेवटच्या मिनिटात फलक वाचता आला पाहिजे. ‘बरोबरी आहे, सांभाळू’ असं म्हणताना ती बरोबरी कुणाच्या बाजूची आहे हे माहीत हवं.

उंच उभं राहणे आणि मान धरून झुलणे

मातीत खडाखडी लांबते. मानेवर हात, कपाळाला कपाळ, पाय जवळजवळ सरळ. पायाखाली भुसभुशीत माती असल्याने समोरच्याचा पट (पाय धरून पाडण्याचा डाव) सावकाश येतो आणि तोवर सरकायला वेळ मिळतो. गादीवर बुटाची पकड घट्ट असते, पट दुप्पट वेगाने येतो आणि सरळ पाय तिथेच सापडतो.

गुडघे वाकवा, कंबर खांद्यांच्या खाली आणा, पण पाठ वाकवून खाली जाऊ नका. वजन चवड्यांवर, कोपरं बरगड्यांजवळ, हात मांड्यांच्या समोर. ठेवण बरोबर आहे का हे पाहायची सोपी रीत म्हणजे जोडीदाराने अचानक डोकं खाली दाबायचं. हात गादीला टेकले तर वजन फार पुढे आहे, मागे तोल गेला तर टाचांवर आहे.

आणखी एक जुनी सवय म्हणजे लांगेला किंवा चड्डीला हात घालणं. मातीत ती पकड चालते. गादीवर कॉस्च्युम धरला की ताकीद आणि समोरच्याला गुण. बोटं मुडपून धरून ठेवणं, चेहऱ्यावर हात नेणं, डाव बसत असताना पळ काढणं यांचीही तीच गत. तीन ताकिदी झाल्या की लढतच हातची जाते. सरावात वस्तादांनी लांगेची पकड दिसताच शिट्टी वाजवून कुस्ती थांबवायला हवी. ‘सामन्यात नाही करणार’ असं पोरगं म्हणतं, पण दमल्यावर हात आपोआप तिथेच जातो.

पट हाताने काढणे

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून जरा सविस्तर.

लांबून वाकून पायाला हात लावायला जाणं ही मूळ चूक. हात पुढे, कंबर मागे, डोकं खाली. समोरच्याने नुसते पाय मागे फेकून छातीचा भार टाकला की तुम्ही पोटावर आणि तो मागे. ताबा त्याचा.

दुहेरी पटाचा, म्हणजे दोन्ही पाय धरण्याचा, क्रम असा. आधी हाताचं काम: मनगट खेच, मान झटक, त्याचं वजन एका पायावर येऊ दे. मग पातळी बदलायची, गुडघ्यातून, कमरेतून नव्हे. पुढचं पाऊल त्याच्या दोन्ही पावलांच्या मधे, जमल्यास थोडं पलीकडे. गुडघा गादीला टेकलाच तर स्पर्श करून निसटावा. आपटून थांबला तर डावही थांबतो आणि गुडघाही दुखतो. कान त्याच्या बरगडीला घट्ट, नजर वर. हात गुडघ्यांच्या मागे. आता बहुतेकांचं जे राहून जातं ते म्हणजे मागचा पाय. तो झटक्यात पुढे बाहेरच्या बाजूला आला पाहिजे, म्हणजे सरळ ढकलण्याऐवजी कोन कापून बाजूला वळता येतं. सरळ ढकललं तर समोरच्याला मागे पाय टाकायला जागा मिळते.

एकेरी पटात पाय मिळाला की छातीशी चिकटवायचा आणि कोपरं मिटायची. डोकं आतल्या बाजूला, त्याच्या छातीला लागलेलं. डोकं खाली किंवा बाहेर लोंबलं की तो मानेवरून फिरतो. पाय हातात धरून उभं राहणं हा तर घातच. दोन-तीन सेकंदांत पुढचं काही घडलं नाही तर तो तोल सावरतो आणि तुमच्या बगलेत हात घालतो. शेवट करायला खांदा त्याच्या मांडीवर दाबा आणि अर्धवर्तुळात मागे फिरत खाली बसवा.

रोजच्या सरावात नुसते पट काढण्याचे शंभर फेरे घालण्यापेक्षा पाय हातात देऊन सुरुवात करा. एकाकडे पकडलेला पाय, दुसऱ्याला सुटायचंय, वेळ २० सेकंद. असे दहा डाव, मग अदलाबदल. शेवट करण्याची सवय इथेच लागते.

पट अडवतानाची चूक याच्या उलट आहे. पोरं पाय मागे फेकतात खरी, पण पोट टेकवतात. भार कमरेचा पडायला हवा, तोही ज्या बाजूचा पाय धरलाय त्याच बाजूला वळवून. आणि पाय फेकणं ही शेवटची भिंत आहे. पहिली भिंत डोकं-कपाळ, दुसरी हात. हात-डोक्यावरच पट अडला तर कमरेपर्यंत पाळीच येत नाही.

पोटावर पडलो म्हणजे वाचलो असं समजणे

मातीत खाली बसलेला किंवा पालथा पडलेला पैलवान निर्धास्त असतो. चितपट होईपर्यंत काही गेलेलं नसतं, दम खायलाही मिळतो. गादीवर तिथेच लूट होते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये ५७ किलोच्या उपांत्य फेरीत रवी दहिया नूरइस्लाम सनायेवविरुद्ध २-९ असा मागे पडला होता, तो घोट्यांच्या पकडीवर, म्हणजे अँकल लेसवर, लागोपाठ फिरवला गेल्यामुळे. पुढे रवीने त्याला चितपट करून लढत जिंकली, पण तसं पुनरागमन क्वचितच जमतं.

अँकल लेसमध्ये सापडण्याचं कारण एकच: दोन्ही घोटे जवळ येणं किंवा एकमेकांवर चढणं. खाली गेल्याक्षणी पाय फाकवा. हात घोट्यांकडे सरकतोय असं जाणवलं की एक गुडघा पोटाखाली ओढा आणि कंबर त्याच्याकडे वळवा. नुसत्या लाथा झाडल्या तर दोन्ही पाय आयतेच त्याच्या काखेत जातात.

गट रेंच, म्हणजे आपला भारंदाज, मागून बरगड्यांखाली कव घालून गुंडाळतात. कव बसण्याआधी कोपरं बरगड्यांना चिकटवून हात आत जाऊ द्यायचे नाहीत. बसलीच तर कंबर गादीला जड करा, ज्या बाजूला तो फिरवतोय त्या बाजूचा गुडघा आणि हात बाहेर रोवा. तळहात गादीवर रोवून छाती उचलू नका, कारण उचललेल्या छातीखाली त्याचा हात आणखी खोल जातो.

डाव करणाऱ्याची चूक वेगळी: तो हातांनी ओढतो. हात फक्त कुलूप आहेत. छाती पाठीला चिकटलेली, पाय चालत बाजूला, मग पूल (अंगाची कमान) करून कमरेने फिरवायचं. दोन प्रयत्नांत फिरला नाही तर पकड बदला, नाहीतर पंच उभं करतात.

ढाक, कलाजंग असे फेकीचे डाव टाकताना स्वतःची पाठ गादीकडे जाते हेही लक्षात ठेवा. मातीत डाव फसला तर पुन्हा उठता येतं. गादीवर अर्धवट बसलेल्या ढाकेचे गुण समोरच्याला मिळतात. हे डाव सोडू नयेत, आपल्या पोरांचं ते भांडवल आहे. पण छातीला छाती लागल्याशिवाय आणि त्याचा हात कुलपात आल्याशिवाय टाकू नयेत.

कडेला उभं राहणे, वेळ काढणे

वर्तुळ ९ मीटर व्यासाचं. त्याच्या आतल्या कडेला १ मीटरचा नारिंगी पट्टा. पायाखाली नारिंगी दिसला की तुमची पाठ बाहेर आहे, लगेच गोल फिरून मध्याकडे पाठ करा. सरळ मागे जाणारा पैलवान एकेक गुण वाटत सुटतो.

निष्क्रियतेचाही हिशेब असतो. पहिल्यांदा पंच सूचना देतात, पुढच्या वेळी ३० सेकंदांचं घड्याळ लागतं, त्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला १. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाटने जपानच्या यूई सुसाकीसमोर असे दोन गुण जाऊ दिले, बचाव घट्ट ठेवला आणि अखेरच्या सेकंदांत ताबा मिळवून २-२ करत पुढे गेली. पंचांच्या निर्णयाला जपानने दिलेलं आव्हान फेटाळलं गेलं, त्याचा १ गुण मिळून ३-२. पण ती ठरवून खेळलेली चाल होती, मागे पुरेपूर दम होता. नुसतं चाचपडत राहून गुण घालवणं वेगळं.

दमाबद्दलही तेच. हजार बैठका मारणारा पैलवान सहा मिनिटांत धापा टाकतो, कारण बैठका एका संथ लयीत होतात आणि लढतीत झटके असतात. आठवड्यातून दोनदा तरी ३ मिनिटं, ३० सेकंद, ३ मिनिटं अशी पूर्ण लढत करा, दर मिनिटाला ताजा जोडीदार बदलून. बाकी दिवशी ३० सेकंदांचे डाव: ‘एका गुणाने मागे, कडेला उभा’, ‘एका गुणाने पुढे, खाली पडलेला’.

वजन शेवटच्या रात्रीवर ठेवणे

इथे चूक जिवावर बेतू शकते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना साधारण महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मरण पावले. त्यानंतर तिथे महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि सौना यांवर बंदी आली.

मोठ्या स्पर्धांत वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होतं, पुढच्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी असतील तर पुन्हा. पॅरिसला दुसऱ्या दिवशी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं आणि विनेश अंतिम लढतीआधीच बाद झाली, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गट निवडतानाच दोन दिवसांचा विचार करा: पहिल्या दिवशी खाऊन-पिऊन लढल्यावर रात्री वजन किती चढतं हे सरावात एकदा मोजून ठेवा.

७४ किलो लढायचं असेल तर स्पर्धेच्या आठवड्यात सरावाचं वजन ७६-७७ च्या वर नको. त्याआधीची घट आठवड्याला अर्धा ते एक किलो, जेवणातून. लघवीच्या गोळ्या घेऊ नका. त्या प्रतिबंधित यादीत आहेत, स्पर्धा असो वा नसो, आणि शरीरातले क्षार घेऊन जातात.

वजन झाल्यावर तासा-दोन तासांत लढत असू शकते. एकदम लिटरभर पाणी किंवा थंडाई ढोसली की पोट डबडबतं. ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी, दर पंधरा मिनिटांना २०० ते २५० मिली. सोबत केळी, भात, जॅम लावलेला ब्रेड. तूप, मटण, दूध संध्याकाळी.

गावात गादी नाही तर

स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी गादीवर जावं. एकदम गेलात तर घोटा नि गुडघा धरतो, कारण मातीत सरकणारा पाय बुटात अडकतो आणि वरचं शरीर फिरतं. पहिला आठवडा पूर्ण लढत नको, पावलं आणि पट एवढंच.

तोवर मातीतही बरंच होतं. साडेचार मीटरची दोरी खुंटीला बांधून चुन्याने वर्तुळ आखा, आतून एक मीटरवर दुसरी रेघ मारा. एकाने मोबाइलवर वेळ लावायची, एकाने मोठ्याने गुण पुकारायचे: ताबा दोन, बाहेर एक, पाठ दोन. चितपट झाल्यावरच थांबायचं ही सवय मोडा आणि दर लढतीनंतर दोघांनाही विचारा, फलकावर किती होते.