‘जनक’ हा शब्द खोडा: सुपरहिरो मालिकेमागच्या कॉमिकवाल्यांचं श्रेय कसं लिहावं

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठ-दहा पोरं आणि मी जमतो. सगळ्यांनी घरी पाहून आलेल्या एका मालिकेवर दीड तास गप्पा, आणि प्रत्येकाच्या हातात मी छापलेलं पत्रक. ए-फोर कागद, एकच बाजू. एकवीस वर्षं छापखान्यात डीटीपी केलं, हात शिवशिवतात, दुसरं काय. पत्रकाच्या तळाशी एक चौकट असते, ‘हे मूळ कुणाचं’. वरचं सगळं अर्ध्या तासात होतं, ही चौकट दोन-दोन संध्याकाळी खाते. आता दोघातिघांना स्वतःची पत्रकं काढायची आहेत, म्हणून ती कशी भरतो ते एकदा लिहून ठेवतो.

आधी शब्दांचं बघा. ‘निर्माता’ लिहू नका. मराठीत निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा, आणि मालिकेला तो वेगळा असतोच. ‘जनक’ तर खोडूनच टाका. जनक एकच असतो, आणि कॉमिकमध्ये एकट्याचं काम क्वचितच असतं. एक लिहितो, एक पेन्सिलनं काढतो, कधी तिसराच त्यावर शाई फिरवतो, कुणी रंग भरतो, कुणी संवादाच्या फुग्यांतली अक्षरं घालतो. म्हणून नामाच्या भानगडीत न पडता क्रियापद वापरा: यांनी लिहिलं, यांनी काढलं, यांनी रंगवलं. क्रियापद लिहायचं म्हटलं की काम कोणतं ते शोधावंच लागतं.

‘जनक’ एकवचनी ठेवला की काय होतं त्याचं उदाहरण बॅटमन. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात तो आला. श्रेय चित्रकार बॉब केन यांचं, एकट्याचं, आणि तसा करारच झालेला. बिल फिंगर यांनी ती पहिली गोष्ट लिहिली होती. वटवाघळाच्या कानांचा मुखवटा, झगा, करडा पोशाख यांत त्यांचा हात होता, मुखवट्यामागच्या माणसाचं ब्रूस वेन हे नावही त्यांनीच दिलेलं. फिंगर १९७४ साली गेले. पडद्यावर ‘बिल फिंगर यांच्यासह’ अशी ओळ यायला २०१५ उजाडलं, ‘गॉथम’ मालिकेचा दुसरा मोसम चालू होता तेव्हा. छापील ओळीत एक नाव दिसलं म्हणून काम एकाचं होतं असं समजू नका, ते याच्यासाठी. ती ओळ वकील ठरवतात. आपली चौकट आपण ठरवतो.

आता प्रत्यक्ष कृती. २०२१ची सहा भागांची, धनुर्धारी सुपरहिरोची ‘हॉकआय’ मालिका घेऊ, कारण तिथे मी सपशेल आपटलो होतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘मूळ पात्र: स्टॅन ली आणि डॉन हेक, १९६४’. खोटं काही नाही. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ५७व्या अंकात हॉकआय पहिल्यांदा आला तो या दोघांच्या हातून. पण तो हॉकआय ब्लॅक विडोच्या नादी लागून आयर्न मॅनवर बाण सोडणारा. मालिकेत पोरांना काय आवडलं होतं? पिझ्झा खाणारा, एकाच डोळ्याचा कुत्रा, ट्रॅकसूट घालून वाक्यागणिक ‘ब्रो’ म्हणणारे गुंड, आणि तोंडावर चिकटपट्ट्या लावून फिरणारा, कंटाळलेला क्लिंट, म्हणजे खुद्द हॉकआय. यातलं १९६४मध्ये काहीही नव्हतं. मी नाव दिलं होतं, पण ज्यांनी हे केलं त्यांचं नव्हतं.

तेव्हापासून चौकटीत दोन ओळी करतो, ‘जन्म’ आणि ‘वळण’. जन्म म्हणजे पात्र पहिल्यांदा कागदावर कुणी आणलं. वळण म्हणजे आपण पडद्यावर जे बघतोय ते रूप त्याला कुणी दिलं. हॉकआयचं वळण २०१२ साली सुरू झालेल्या ‘हॉकआय’ या मासिक कॉमिकचं. लेखन मॅट फ्रॅक्शन, चित्रं मुख्यतः डेव्हिड आहा, रंग मॅट हॉलिंग्सवर्थ, अक्षरलेखन ख्रिस एलिओपुलोस. त्याचा ११वा अंक मिळाला तर जरूर बघा. अख्खी गोष्ट कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात त्यातले त्याला कळणारे दोनचार शब्द तेवढे वाचता येतात, बाकी वास आणि आठवणी छोट्या चिन्हांच्या नकाशांनी दाखवल्यात. हे ‘लेखन’ म्हणायचं की ‘चित्र’? मला ठरवता आलं नाही, म्हणून मी दोन्ही नावं एकाच ओळीत, एकाच टाइपात ठेवली. मालिकेची नामावली बघा, तीच सपाट, मोजक्या रंगांची शैली.

वळण शोधायची माझी रीत साधी आहे. मालिका दुसऱ्यांदा बघताना वही घेऊन बसायचं आणि तीन रकाने आखायचे: काय दिसलं, कॉमिकमध्ये ते कुठे होतं, तिथे कुणी काय केलं. ‘दिसलं’मध्ये फक्त पात्रं लिहू नका. पोशाख, वस्तू, एखादा प्रसंग, एखादं बोलणंही लिहा. हॉकआयच्या वहीत माझ्याकडे केट बिशप आली: २००५, ‘यंग ॲव्हेंजर्स’, लेखन ॲलन हाइनबर्ग, चित्रं जिम च्युंग. माया लोपेझ आली: १९९९, ‘डेअरडेव्हिल’, डेव्हिड मॅक आणि जो केसाडा. येलेना बेलोवाही १९९९चीच, डेव्हिन ग्रेसन आणि जे. जी. जोन्स यांची. किंगपिन १९६७चा, स्टॅन ली आणि थोरले जॉन रोमिटा. क्लिंटला कमी ऐकू येतं हे मी आधी फ्रॅक्शन-आहा यांच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. मागे गेल्यावर कळलं की मार्क ग्रूनवाल्ड यांच्या १९८३च्या छोट्या ‘हॉकआय’ कॉमिक-मालेतच त्याचे कान गेले होते. एक पायरी आणखी मागे जाऊन बघायचंच, दरवेळी.

माहिती कुठे मिळते? कॉमिकच्या आतच. बहुतेक अंकांत पहिल्या दोन-तीन पानांत कामवार नावं छापलेली असतात. संग्रहाच्या पुस्तकात ती सुरुवातीच्या पानावर असतात आणि तिथे अंकनिहाय विभागणीही मिळते, म्हणजे कोणता अंक दुसऱ्याच चित्रकारानं काढला तेही कळतं. मग मालिकेची शेवटची नामावली अगदी अखेरपर्यंत चालू द्या. ‘पुढचा भाग पाच सेकंदांत’ आलं की रद्द करा. तिथे ‘विशेष आभार’ अशा ओळीत नावं असतात, आणि वळणवाले बऱ्याचदा तिथेच सापडतात. आभार आणि श्रेय वेगळं. आभार मांडववाल्याचेही मानतात.

१९६०च्या दशकातल्या मार्व्हल कॉमिकबद्दल एक सावधगिरी. तेव्हा तिथे बऱ्याचदा लेखक थोडक्यात कथासूत्र सांगे, चित्रकार त्यावरून वीस पानं रचून आणे, प्रसंग कुठे फुलवायचा तेही तोच ठरवी, आणि मग संवाद लिहिले जात. त्यामुळे जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटको अशा तेव्हाच्या चित्रकारांच्या नावापुढे नुसतं ‘चित्रं’ लिहिलंत तर निम्मं काम गाळलंत. मी ‘कथारचना आणि चित्रं’ लिहितो.

नाव वारशानं आलेलं असेल तर जास्त जपून. ‘द फ्लॅश’ मालिकेतली केटलिन स्नो पुढे किलर फ्रॉस्ट ही गारठवून टाकणारी खलनायिका होते. कॉमिकमध्ये केटलिन २०१३ची, पण किलर फ्रॉस्ट ही कल्पना १९७८ची, ‘फायरस्टॉर्म’ कॉमिकमधली. जेरी कॉनवे यांनी लिहिली, अल मिलग्रम यांनी काढली. २०१५ साली कॉनवे यांनी जाहीरपणे लिहिलं, की प्रकाशक केटलिनला आधीच्या पात्रावरून निघालेलं पात्र ठरवतो आणि मग तिचं श्रेय कुणालाच मिळत नाही. अशा ठिकाणी मी एक ओळ वाढवतो, ‘नाव आणि कल्पना: कॉनवे-मिलग्रम, १९७८’. कॉनवे यांचंच दुसरं पात्र ‘ॲरो’ मालिकेत भाव खाऊन गेलं. फेलिसिटी स्मोक १९८४ची, चित्रकार राफाएल कयानन. कॉमिकमध्ये ती न्यूयॉर्कमधली सॉफ्टवेअर कंपनी सांभाळणारी बाई. पडद्यावरच्या फेलिसिटीशी फारसं साम्य नाही, तरी नाव तिथूनच उचललं आहे, मग चौकटीत त्यांची ओळ घालतोच.

उलटंही घडतं. ‘वॉचमेन’ कॉमिक ॲलन मूर यांनी लिहिलं, डेव्ह गिबन्स यांनी काढलं, जॉन हिगिन्स यांनी रंगवलं. २०१९च्या मालिकेत मूर यांचं नाव नाही, कारण अशा रूपांतरांवर आपलं नाव नको हे त्यांनीच ठरवलंय. मग आपण काय करायचं? माझं मत असं: मालिकेच्या श्रेयात घुसवू नका, पण कॉमिकच्या ओळीत लिहा, आणि शेजारी ‘मालिकेवर नाव नको ही त्यांची इच्छा’ एवढं टाका. आमच्यात यावरून वाद झाला. एक पोरगा अजून म्हणतो, नको म्हणजे नको.

नावांचा उच्चार तपासा. ‘डेव्हिड आहा’ वर सहज लिहिलंय, पण पहिल्या पत्रकात मी ‘डेव्हिड आजा’ छापलं होतं. माझी भाची स्पॅनिश शिकते. ती म्हणाली, “मामा, माणूस स्पेनचा आहे. तिकडे जे-चा ह होतो. तू त्याला आजोबा केलंस.” दहा प्रती होत्या, दहाही पेननं दुरुस्त केल्या.

चुकलं तर दुरुस्ती कुठे टाकायची, हेही ठरवून ठेवा. फार वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाची जुळणी मी करत होतो. शेवटच्या रात्री जाहिरात वाढली, अनुक्रमणिका दाबून बसवली, आणि त्यात आतल्या चित्रांची ओळ उडाली. माझ्याच हातून. अंक आल्यावर चित्रकारांचा फोन आला. आवाज चढला नाही. “शेवटच्या पानावर तरी कुठे असेल ना?” एवढंच विचारलं. शुद्धिपत्राची चिठ्ठी छापली तोवर गठ्ठे गावोगाव गेले होते. म्हणून आता राहिलेलं नाव पुढच्या पत्रकात सगळ्यात वर, मथळ्याच्याही आधी येतं, बाकी मजकुराच्याच टाइपात.

पुढच्या रविवारी ‘मिझ मार्व्हल’ आहे. तिची नायिका कमला खान, तिच्या ‘जन्म’ या ओळीतच पाच नावं बसवायची आहेत: सना अमानत, स्टीव्ह वॅकर, जी. विलो विल्सन, एड्रियन अल्फोना, जेमी मकेल्व्ही. चौकटीत मावत नाहीत. टाइप आठ पॉइंटवर आणून पाहिला, पोरांच्या आयांना वाचता येणार नाही. तेव्हा वरचा कथासार काढून टाकतोय. मालिका सगळ्यांनी पाहिलेलीच असते.